मुखवटा आणि गल्ला

(तृतीय वर्ष, वाणिज्य शाखा)

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो होतो. रात्री जेवणे आटोपल्यावर संगणकासमोर बसलो आणि कानाला लावलेल्या माइकमधून मित्रांवर ओरडू लागलो, "ड्रिल बंद पडलं! कोणीतरी ड्रिल बघा! पोलीस जिन्यावरून यायलेत!" आजी मागे केव्हा येऊन उभी राहिली ते कळलेच नाही. पडद्यावरचे मुखवटे, बंदुका आणि नोटांनी भरलेल्या पिशव्या तिने शांतपणे पाहिल्या आणि विचारले, "अरे, बी. कॉम. शिकायला गेलास की दरोडे घालायला शिकालास?"

घरातले सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न मनातून जाईना. वडील पतसंस्थेत कारकून. रोज संध्याकाळी पै-पैचा हिशेब जुळवून तिजोरीला कुलूप लावणारे. आणि त्यांचा मुलगा सुटीत तिजोरी फोडण्याची करमणूक करतो! आजीला त्या रात्री मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. नीट उत्तर द्यायचे तर या खेळाची सारी हकीकत सांगायला हवी, म्हणून हा लेख.

खेळाचे स्वरूप

‘पे-डे’ या नावाची ही खेळमाला मूळची स्वीडनची. स्टॉकहोम शहरातील ग्रिन नावाची खेळ बनवणारी कंपनी २००९ साली बुडाली. तिच्या संस्थापकांपैकी काहींनी त्याच वर्षी ‘ओव्हरकिल’ ही नवी संस्था काढली. पहिला ‘पे-डे’ २०११ मध्ये आला. पुढच्याच वर्षी स्टारब्रीझ या स्वीडिश कंपनीने ओव्हरकिलला आपल्यात सामावून घेतले. २०१३ मध्ये ‘पे-डे २’ आणि २०२३ मध्ये ‘पे-डे ३’ असे पुढचे खेळ निघाले. मायकेल मान यांच्या १९९५ च्या ‘हीट’ या चित्रपटाची छाया पहिल्या खेळावर स्पष्ट दिसते. त्यातल्या एका मोहिमेचे नावच ‘हीट स्ट्रीट’ आहे.

खेळ चौघांचा. डॅलस, चेन्स, वुल्फ आणि हॉक्स्टन अशी टोपणनावे घेतलेले चार दरोडेखोर विदूषकी मुखवटे चढवून बँकेत किंवा सराफी दुकानात शिरतात. चारी पात्रे चार माणसे आपापल्या घरी बसून चालवतात. चोरपावलांनी काम साधले तर उत्तम, पण ते सोपे नाही. एखादा पहारेकरी मारला गेला की त्याच्या कमरेचा पेजर वाजू लागतो. तो उचलून वरिष्ठांना काहीतरी सबब सांगावी लागते. अशी सबब एका मोहिमेत चारच वेळा चालते, पाचव्यांदा गजर होतो. मग तिजोरीला ड्रिल लावून पोलिसांच्या लाटांमागून लाटा परतवत बसायचे. आणि ते ड्रिल मधेच अडकते. पुन्हा सुरू करायला कोणीतरी गोळीबारातून धावत जावे लागते. खेळणाऱ्यांत या ड्रिलला जेवढ्या शिव्या मिळाल्या असतील तेवढ्या पोलिसांनाही मिळाल्या नसतील!

२०२३ च्या जूनमध्ये ‘पे-डे २’ एका इंटरनेटवरील दुकानात आठवडाभर फुकट मिळत होता, तेव्हा आमच्या वसतिगृहातल्या चौघांनी तो घेतला. आमच्यात एक खानापूरचा, एक गोकाकचा, एक सौंदत्तीचा आणि चौथा मी. ‘लवकर ये’ आणि ‘बेगा बा’ या दोन्ही हाका आम्हा चौघांना सारख्याच कळू लागल्या त्या या खेळात. कारण इथे एकटा मनुष्य निरुपयोगी असतो. औषधाची पिशवी एकाने आणायची आणि सर्वांनी वापरायची. कोणी जायबंदी होऊन पडला तर दुसऱ्याने जीव धोक्यात घालून त्याला उठवायचे. लुटीची पिशवी पाठीवर घेतलेला गडी हळू चालतो, म्हणून दुसऱ्याने त्याची वाट राखायची. चोरांचा का होईना, पण हा सहकारच आहे.

पहिला आक्षेप

या खेळावरचा पहिला आक्षेप आजीचाच आहे. गुन्हा हा करमणुकीचा विषय व्हावा का? अमेरिकेत या खेळाला सतरा वर्षांवरील वयासाठी असे प्रमाणपत्र आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु खेळाच्या आत नीतीचा विचार मुळीच नाही असे मात्र नाही. बँकेतले ग्राहक आणि कर्मचारी यांना ओलीस धरता येते, त्यांचे हात बांधता येतात. त्यांतल्या कोणाला ठार मारले तर मिळकतीतून ‘सफाईचा खर्च’ कापला जातो. शिवाय मारणारा स्वतः पकडला गेला तर त्याला सुटायला जास्त वेळ लागतो. उलट, ओलीस जिवंत असेल तर त्याच्या बदल्यात आपला पकडलेला साथीदार परत मिळतो. म्हणून निरपराध माणसाला न मारणे हेच फायद्याचे ठरते.

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला ही रचना चलाख वाटते आणि थोडी भयंकरही. येथे माणसाचा जीव वाचतो तो दयेने नव्हे, तर खर्चाच्या भीतीने. आणि हा खर्चही फक्त नागरिकांपुरता! पोलीस शेकड्यांनी मरतात, त्यांच्यासाठी खतावणीत एक ओळही नाही. जणू गणवेश चढवला की माणूस हिशेबातून वजा होतो. खेळाच्या बाजूने कितीही बोललो तरी हे भोक मला बुजवता येत नाही.

मग असले खेळ खेळून मुले गुंड होतात का? कॅलिफोर्नियाने हिंसक खेळ मुलांना विकण्यास बंदी करणारा कायदा केला होता. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा स्पष्ट केली. ती अशी की, या खेळांचा आरडाओरड, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी थोडासा संबंध दिसतो, पण त्यांच्यामुळे माणूस प्रत्यक्ष हिंसाचार करतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही. तेव्हा आजीची भीती अगदीच निराधार नाही आणि पूर्ण खरीही नाही.

दुसरा आक्षेप

पण ‘पे-डे’वर सर्वांत मोठे वादळ उठले ते बंदुकांवरून नव्हे. ते उठले गल्ल्यावरून.

‘पे-डे २’ आला त्या वर्षी, म्हणजे २०१३ मध्येच, निर्मात्यांनी जाहीर सांगितले होते की या खेळात किरकोळ रकमांची खरेदी-विक्री कधीही असणार नाही. एकदा खेळ विकत घ्या. पुढे नव्या मोहिमांचे मोठे संच निघतील, ते हवे तर घ्या. पण खेळता खेळता खिशात हात घालायला लावणारे दुकान येथे नसेल. लोकांनी विश्वास ठेवला.

ऑक्टोबर २०१५ मध्ये खेळाचा वार्षिक उत्सव सुरू झाला आणि त्यातच ‘काळा बाजार’ या नावाची भर पडली. नाव तरी प्रामाणिक होते! मोहीम संपली की कधीकधी खेळाडूला एक बंद तिजोरी मिळे. ती उघडायला ड्रिल लागे, आणि हे ड्रिल खऱ्या पैशांनी, सुमारे अडीच डॉलरला, विकत घ्यावे लागे. आत काय असेल ते नशिबावर. निघे ते बंदुकीवरचे रंगीत आवरण, कधी साधे, कधी दुर्मीळ. ही नुसती शोभा असती तर एक वेळ चालले असते. पण काही आवरणांमुळे बंदुकीची अचूकता किंवा असाच एखादा गुण वाढत असे. म्हणजे पैसे टाकणाऱ्याची बंदूक थोडी सरस. आवरण नको असेल तर बाजारात दुसऱ्याला विकताही येई.

आमच्या सीमाभागात हे काय आहे ते शाळकरी पोरालाही समजावून सांगावे लागणार नाही. चिठ्ठी टाका, आकडा लागला तर लागला. मटक्याच्या अड्ड्यावर निदान आपण जुगार खेळतो आहोत एवढे तरी माणसाला ठाऊक असते.

खेळाडू भडकले. खेळाच्या चर्चापीठावर विनावेतन देखरेख करणाऱ्या स्वयंसेवकांनी काम थांबवले. कर्मचारी वाढले आहेत, खेळात भर घालत राहायची तर पैसा हवा, असे निर्मात्यांचे म्हणणे पडले. काही दिवसांनी मोहिमेच्या बक्षिसातही ड्रिल मिळण्याची सोय झाली, पण विक्री थांबली नाही. अखेर मे २०१६ मध्ये स्टारब्रीझने खेळाचे हक्क प्रकाशक कंपनीकडून स्वतःकडे घेतले आणि त्याबरोबरच ड्रिल विकणे बंद केले. तिजोऱ्या तेव्हापासून फुकट उघडू लागल्या.

मला यातली विसंगती मोठी मार्मिक वाटते. ज्या ड्रिलने खेळातले चोर बँक फोडत, तेच ड्रिल उलटे फिरवून खेळाडूंच्या खिशाला लावले गेले. मुखवटे घातलेले चौघे एकमेकांना दिलेला शब्द पाळत होते. मुखवटा न घातलेल्या पेढीने मात्र तो मोडला.

शब्दाची किंमत

हिशेबशास्त्रात ‘गुडविल’ नावाची एक मालमत्ता असते. ती डोळ्यांना दिसत नाही, गोदामात ठेवता येत नाही, पण पेढी विकताना तिची किंमत धरावी लागते. वर्गात शिकताना ती मला केवळ ताळेबंदातली एक ओळ वाटली होती. ‘पे-डे’ची पुढची हकीकत वाचली तेव्हा तिचा अर्थ कळला.

२०१७ मध्ये कंपनीने ‘पे-डे २’च्या सर्व भरी एकत्र करून एकच मोठी आवृत्ती काढली आणि यापुढची भर फुकट मिळेल असे सांगितले. त्यानंतर कंपनीचा दुसराच एक मोठा खेळ आपटला आणि डिसेंबर २०१८ मध्ये तिला कर्जाच्या पुनर्रचनेसाठी न्यायालयात जावे लागले. २०१९ च्या अखेरीस विकतची भर पुन्हा सुरू झाली, म्हणजे दुसरा शब्दही मोडला. पण या वेळी कंपनीने आपली अडचण उघडपणे सांगितली होती. शिवाय विकायला काढलेली वस्तू काय आहे आणि तिची किंमत किती, हे घेणाऱ्याला आधीच दिसत होते. माझ्या मते या दोन शब्दभंगांत मोठा फरक आहे. अडचणीत सापडलेला दुकानदार भाव वाढवतो हे आपण समजू शकतो. बंद पेटी पुढे करून नशीब विकणारा निराळा.

२१ सप्टेंबर २०२३ रोजी ‘पे-डे ३’ आला. एकट्याने खेळायचे असले तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी हवी, अशी त्याची अट. पहिल्याच दिवशी ते सर्व्हर गर्दीखाली कोलमडले. पैसे मोजलेले लोक कित्येक तास, कित्येकदा पुढचे काही दिवस, दारातच ताटकळले. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. मार्च २०२४ मध्ये संचालक मंडळाने त्यांना पदावरून दूर केले, आणि त्याच वर्षी एकट्याने खेळण्याची वेगळी सोय आणावी लागली. या खेपेस कोणी कोणाला फसवले असे मी म्हणणार नाही. पण गुडविलचे खाते आधीच रिकामे असले की साधी चूकसुद्धा लोकांना लबाडी वाटते.

आजीला उत्तर

आता घरची एक गोष्ट सांगतो. माझा मामेभाऊ सातवीत आहे. गेल्या वर्षी त्याने मामीच्या मोबाइलवरून तीन हजार चारशे रुपये घालवले. कशावर? फुटबॉलच्या एका खेळात. त्यात ना रक्त, ना बंदूक. पण आवडता खेळाडू मिळावा म्हणून बंद पाकिटे विकत घ्यावी लागत, आणि आत कोण निघेल ते ठाऊक नसे. वीस रुपये, पन्नास रुपये, पुन्हा पन्नास. मामीने मला फोन करून विचारले, "तूच त्याला तो गोळ्या झाडायचा खेळ शिकवलास काय?" घरातल्या साऱ्यांचे डोळे बंदुकीवर होते. गल्ला कोणीच पाहिला नव्हता.

बेल्जियममधील जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये अशा पैशांच्या पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असे ठरवले. त्याने दोषी धरलेल्या खेळांत एक फुटबॉलचाच होता. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये इंटरनेटवरील खेळांसंबंधी कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना बंदी घातली. पण पैसे टाकून फक्त चित्र जिंकण्याला काय म्हणायचे? सातवीतल्या मुलाच्या दृष्टीने त्या दोहोंत काय फरक आहे? हा प्रश्न कायद्याच्या वर्गातल्या मित्रांनी जरूर घ्यावा.

आजीला मी शेवटी सांगितले ते असे. "दरोडा हे नाटक आहे हे आम्हा चौघांनाही कळतं. खेळ संपला की आम्ही मुखवटे उतरवतो. पण बंद पेटीला जे पैसे जातात ते खरे असतात, आणि खेळ संपला तरी परत येत नाहीत."

आजीने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले. मग म्हणाली, "ते खरं. पण ते पोलीससुद्धा कोणाची तरी पोरंच की रे."

याला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मामाच्या घरी जाऊन मामीच्या मोबाइलवरच्या खरेदीला कुलूप घालून आलो. रात्री मित्रांचा निरोप आला, ‘बेगा बा’. गेलो आणि खेळलोही. त्या रात्री मात्र मी हट्टाने सर्वांना चोरपावलांनीच खेळायला लावले. पाचवा पेजर वाजू नये म्हणून आम्ही तीनदा सुरुवातीपासून मोहीम केली.