सापाची मावशी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं अमरावतीस आमच्या वाड्यांत तुळशीवृंदावनाजवळच्या विटा हलवितांना एक लहानसें प्रकरण घडलें. विटेखालून करंगळीच्या जाडीचा, तपकिरी, चकचकीत प्राणी वळवळत निघाला. ‘साप! साप!’ अशी ओरड झाली, काकूंनीं मुलांना ओसरीवर ओढलें, आणि गड्यानें खराट्याचा फटकारा मारला. शेपूट तुटून थयथय नाचूं लागलें. सर्वांचे डोळे त्या तुकड्यावर खिळलेले, तोंच शेपटाची धनीण विटांच्या ढिगांत पसार! शत्रूस तुकडा देऊन प्राण वांचविण्याची तिची ही युक्तीच. शेपूट पुढें पुन्हां फुटतें.

ही सापसुरळी, बोलींत सापाची मावशी. अकोल्याकडील आमचे एक शेतकरी स्नेही सांगतात कीं, धुऱ्यावर ती दिसली कीं मजूर ठेचल्यावांचून राहत नाहींत. वास्तविक तिला विष मुळींच नाहीं, आणि ती खाते ते किडे व वाळवी! सापास पापणी नसते, हिला आहे; सापास कानाचें छिद्र नसतें, हिला आहे. खालच्या पापणीला तर पारदर्शक खिडकी असते, म्हणजे डोळा मिटूनही बाईसाहेबांस दिसतें. खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले व गुळगुळीत. पाय चारही आहेत, परंतु इतके चिमुकले कीं घाईच्या वेळीं ते अंगाशीं दाबून ती नागमोडी सरपटते. तेथेंच आपण फसतों.

पालापाचोळ्याखालीं, भुसभुशीत मातींत शिरणाऱ्यास पाय म्हणजे अडचणच. म्हणून या कुळाच्या निरनिराळ्या शाखांत शरीर लांबत गेलें, पाय आंखूड होत गेले. आणि हें एकदांच नव्हे, स्वतंत्रपणें अनेकदां घडलें आहे. हा प्रवास पुरा झालेला पाहावयाचा तर ओडिशांतील चिल्का सरोवरांत बारकुडा नांवाचें लहानसें बेट आहे, तेथें जावें. तेथील मातींत राहणाऱ्या सापसुरळीला एकही पाय नाहीं! भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनीं १९१७ सालीं तिचें वर्णन केलें, व त्या बेटावरूनच तिच्या जातीस ‘बारकुडिया’ हें नांव दिलें. वऱ्हाडांतील आपली मावशी त्याच वाटेवर, पण अर्ध्यांत थांबलेली.

दिवाळीच्या झाडलोटींत तीच, किंवा तिची बहीण, पुन्हां विटेखालीं दिसली. शेपटाचा शेंडा आंखूड व निराळ्या रंगाचा होता. गड्यानें खराटा उचललाच होता. काकू म्हणाल्या, “राहूं दे रे, मावशी आहे ती!” आणि वीट हलकेच जागेवर ठेवून दिली.