ना हयात, ना मयत

(संघर्षानंतरचा न्याय : लेखांक ७)

ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीपलीकडे काल्हेर, आणि काल्हेर म्हणजे भिवंडी तालुका. गेले काही आठवडे आपण परदेशांतले सत्यशोधन आयोग पाहत होतो. ‘हे सगळं तिकडचं’ असं ज्यांना वाटलं, त्यांनी आज फक्त खाडी ओलांडायची. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली. जळगाव आणि महाडही त्यात होरपळले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगानं तिची चौकशी केली. दंगलीचा तपास करणाऱ्या पोलिसांच्या खास पथकानंच पक्षपात केला, खोटे पुरावे रचले, असं त्यांनी अहवालात आडपडदा न ठेवता नोंदवलं.

म्हणजे खरं काय ते शोधायला आपल्याकडे माणसं कमी पडली नाहीत. १९५२चा चौकशी आयोग कायदा त्यासाठीच आहे. आयोग शपथेवर जबान्या घेतो, सरकारी कागद मागवतो. दिलेली जबानी साक्षीदारावर उलटवता येत नाही (खोटी साक्ष दिली तर गोष्ट वेगळी), म्हणून लोक बोलतातही. गाडं अडतं ते पुढे. अहवाल मानायचं बंधन सरकारवर नाही. सहा महिन्यांत तो कार्यवाहीच्या निवेदनासह विधिमंडळापुढे ठेवला की हा कायदा समाधान पावतो.

मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलीत ९०० माणसं मेली. तिची चौकशी करणारा न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा आयोग जानेवारी १९९६मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारनं गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला. अहवाल आला फेब्रुवारी १९९८मध्ये. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत डेस्मंड टुटूंच्या सत्यशोधन आयोगाचाही आला.

मृतांच्या या आकड्याबाहेर आणखी १६८ जण होते. बेपत्ता. मला या विषयातलं सगळ्यात अवघड प्रकरण हेच वाटतं. प्रेत सापडलं की पंचनामा होतो, मृत्यूचा दाखला मिळतो. माणूसच सापडला नाही तर पुराव्याचा कायदा सांगतो, सात वर्षं वाट पाहा; तोवर काही ठावठिकाणा लागला नाही तर मयत धरू. या सात वर्षांत बँकेतले पैसे कोणी काढायचे? खोलीची भाडेपावती कोणाच्या नावानं फाडायची? रेशनकार्डावरचं नाव ठेवायचं की कमी करायचं? बायकोनं इद्दत (नवऱ्याच्या मृत्यूनंतर पाळायचा काळ) पाळायची ती कुठल्या तारखेपासून? पोलीस ठाण्यातली हरवल्याची नोंद एवढा एकच कागद तिच्या हातात, आणि कुठल्याही खिडकीवर तो चालत नाही.

अर्जेंटिनात लष्करी राजवटीनं (१९७६-८३) हजारो माणसं गायब केली. कित्येक आयांनी मृत्यूचा दाखला घ्यायला साफ नकार दिला: आधी सांगा, आमच्या मुलाचं काय केलंत? तिथल्या संसदेनं १९९४मध्ये वेगळाच दाखला काढला, ‘सक्तीनं गायब केल्यामुळे अनुपस्थित’ असा. वारसाहक्काची कामं त्यावर होतात आणि गुन्हाही कागदावर राहतो. आपल्याकडे असा दाखला नाही.

मुंबईच्या १६८ बेपत्तांपैकी ६० जणांच्या घरच्यांना भरपाई मिळाली. उरलेल्या १०८ जणांच्या घरच्यांचा सरकारला पत्ताच लागेना. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, कायदा-सुव्यवस्था राखण्यात सरकार कमी पडलं असं ठरवून, या वारसांना शोधा आणि प्रत्येकी २ लाख रुपये २२ जानेवारी १९९९पासूनच्या ९ टक्के व्याजासह द्या, असा आदेश दिला. देखरेखीला समितीही नेमली.

पण शोधायचं कुठे? जुन्या पत्त्यावर पाकीट पाठवलं तर ‘राहत नाही’ म्हणून परत येणार. दंगलीनंतर मुंबईतली असंख्य मुसलमान कुटुंबं बिऱ्हाड उचलून मुंब्र्याला आली. कोलशेत ज्या ठाणे महापालिकेत येतं, त्याच महापालिकेत मुंब्राही आहे. तिथल्या शाळांची १९९३ची जनरल रजिस्टरं काढली तर वर्षाच्या मध्येच मुंबईहून नाव दाखल झालेली मुलं सापडतील, आणि शेजारच्या रकान्यात वडिलांचं नावही असेल.