तलवार कोणाच्या वाट्याला?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत विक्रीला आला, तेव्हा खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. किंमत १० डॉलर, पहिली छपाई १,००० प्रतींची. कर्ते दोघे : गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन. या खेळाला पट लागत नाही. एक जण सूत्रधार होऊन तळघरं, राक्षस आणि खजिने उभे करतो. त्यालाच पुढे 'डन्जन मास्टर' म्हणू लागले. बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या जगात उतरतात, काय करणार ते तोंडानं सांगतात, आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. पात्राचा पेशा म्हणजे त्याचा 'क्लास'. सुरुवातीला क्लास तीनच होते : योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. चोर १९७५च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीतून आला.

योद्धा आणि जादूगार एकाच टेबलावर बरोबरीनं खेळणार कसे, हे या खेळातलं सगळ्यांत जुनं भांडण. एक रोज तलवार चालवतो. दुसरा काही दिवसांतच उडायला, अदृश्य व्हायला, आगीचे गोळे फेकायला लागतो. वाद नेहमी मंत्रांवरून पेटतो. नियमांची जुनी-नवी पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, तर त्याचं मूळ खजिन्यात सापडतं. योद्ध्याची बरीचशी ताकद त्याच्या अंगात नव्हतीच, ती वाटेत मिळणाऱ्या शस्त्रात होती. ते शस्त्र कोणाला आणि केव्हा मिळणार, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक आवृत्तीनं वेगळ्याच हाती सोपवला.

फाशांचा न्याय

पहिल्या संचातल्या दुसऱ्या पुस्तिकेत जादूच्या वस्तूंचा एक तक्ता आहे. शंभरच्या फाशावर १ ते २० पडलं तर तलवार, ९१ ते ९५ पडलं तर जादूची छडी किंवा दंड. जादूगाराला खंजिराखेरीज शस्त्र उचलायची मुभा नव्हती, धर्मगुरूला धारेचं शस्त्र वर्ज्य. म्हणजे सापडलेल्या दर पाच वस्तूंतली साधारण एक आपोआप योद्ध्याची. वर या तलवारींना बुद्धी असे, स्वभाव असे, अहंकारही असे. धनी दुबळा निघाला तर तलवारच त्याला नाचवी. 'योद्ध्याला झुकतं माप द्या' असं वाक्य कुठेही न लिहिता तक्त्यानं ते देऊन टाकलं होतं.

पुढच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत हाच हिशेब वस्तूंच्या वर्णनात उतरला. १९७९च्या डन्जन मास्टरच्या पुस्तकातली 'होली अ‍ॅव्हेंजर' ही तलवार बघा. कोणाच्याही हातात ती +२, म्हणजे नेमात आणि घावात दोनची भर, पण पॅलाडिन या धर्मयोद्ध्याच्या हातात +५. शिवाय त्याच्याभोवती शत्रूची जादू अडवणारं कवच. त्याच पॅलाडिनवर बंधन असं, की जवळ दहापेक्षा जास्त जादूच्या वस्तू ठेवायच्या नाहीत. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं आवरलं.

या व्यवस्थेचा सगळा भार सूत्रधाराच्या विवेकावर होता. हात सैल सोडून खजिने उधळणाऱ्याच्या खेळाला 'मॉन्टी हॉल' असं कुचकं नाव पडलं. बक्षिसं वाटणाऱ्या एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकावरून.

बाजार उघडला

२००० साली तिसरी आवृत्ती आली आणि प्रत्येक वस्तूला किंमत लागली. जादूच्या शस्त्राचं सूत्र सरळ होतं : अधिकाच्या आकड्याचा वर्ग गुणिले २,०००. +१ला २,००० सोन्याची नाणी, +२ला ८,०००, +५ला ५०,०००. कोणत्या लेव्हलला, म्हणजे अनुभवाच्या कोणत्या पायरीवर, पात्राकडे किती ऐवज असावा याचाही तक्ता आला : दहाव्या लेव्हलला ४९,०००, विसाव्याला ७,६०,०००. राक्षसांची ताकद हा ऐवज गृहीत धरूनच बेतलेली होती. साहजिकच शस्त्र, चिलखत, अंगठी, ताईत, झगा, पट्टा ही खरेदी सक्तीची झाली. अंगभर लखलखणाऱ्या अशा पात्राला खेळाडू 'ख्रिसमस ट्री' म्हणू लागले.

वरवर पाहता सगळ्यांना सारखे पैसे, म्हणजे न्याय झाला. पण कुलूप उघडण्याच्या 'नॉक' या मंत्राची गुंडाळी १५० नाण्यांना पडायची आणि ५० वेळा चालणारी छडी ४,५००ला. चोरानं लेव्हलमागून लेव्हल घासून कमावलेली कला जादूगार +२ तलवारीच्या जवळपास निम्म्या भावात खिशात घालत होता. त्यातही तो वस्तू स्वतः घडवू शकायचा, निम्म्या किमतीत आणि थोडा अनुभव खर्चून. मंत्र न येणाऱ्या योद्ध्याला ती सोय नव्हती. एक कारखानदार झाला, दुसरा गिऱ्हाईक.

शस्त्र गेलं की वीर उघडा पडतो, हे आपल्याला मौसल पर्वानं सांगितलेलंच आहे. अर्जुन तोच, पण गांडीव कसंबसं सज्ज होतं, अक्षय भाते रिते होतात, अस्त्रं आठवत नाहीत आणि आभीर लुटारू त्याच्या डोळ्यांदेखत लूट नेतात. महाभारतात ही शोकांतिका आहे. तिसऱ्या आवृत्तीत तो अंकगणिताचा भाग होता.

हप्ता आणि उतारा

२००८च्या चौथ्या आवृत्तीनं सगळ्या क्लासना एकाच साच्यातली सामर्थ्यं दिली : काही कायम वापरायची, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. वस्तू खेळाडूंच्याच पुस्तकात छापल्या आणि हव्या त्या वस्तूंची यादी खेळाडूनं सूत्रधाराला द्यावी, असं सुचवलं. तराजू सरळ झाला, पण सापडलेल्या तलवारीचा पगारवाढीसारखा ठरलेला हप्ता झाला. पुढच्याच वर्षी वस्तूंशिवाय तेच अधिक आकडे थेट पात्राला देणारा पर्यायी नियम आला.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीनं उलटी वाट धरली. शस्त्राचा अधिक +३च्या पुढे नाही, भारी वस्तूंशी नातं जोडायचं तर एका वेळी तीनच, आणि राक्षसांचं गणित जादूच्या वस्तू धरून नाही. तरी जुनं दुखणं उरलंच. कित्येक राक्षसांवर साध्या शस्त्राचा घाव निम्माच बसायचा. जादूगाराच्या मंत्राला ही अट नव्हती. 'ऐच्छिक' म्हटलेली तलवार योद्ध्याला ऐच्छिक नव्हती. 'गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवर' हे हातमोजे घातले की कोणाचंही बळ थेट १९ होतं. ८ बळाचा जादूगार रातोरात पैलवान. वर्षभर कमावून २० गाठलेल्या योद्ध्याला मात्र त्यांचा काडीचा उपयोग नाही.

२०२४च्या सुधारित नियमांत योद्ध्याला शस्त्रांची खास हातोटी मिळाली आणि पाठोपाठ आलेल्या राक्षसांच्या पुस्तकातून साध्या शस्त्रांची ती अट गेली. पन्नास वर्षांनी त्याची ताकद थोडी त्याच्या अंगात आली. 'पाथफाइंडर' या याच धाटणीच्या दुसऱ्या खेळाच्या २०१९च्या आवृत्तीत मात्र तलवारीवर कोरायच्या रून्सवरच, म्हणजे जादूच्या चिन्हांवरच, योद्ध्याचा बराच घाव अवलंबून राहिला. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी वेगळा नियम द्यावा लागला.

म्हणून खजिना मांडायला बसलेल्या सूत्रधारानं वस्तू किती जबर आहे हे नंतर मोजावं. आधी पाहावं, की ती काढून घेतली तर पात्राचं काय होतं. त्याची गंमत कमी होत असेल, तर वस्तू योग्य आहे. पात्र लंगडंच पडत असेल, तर ते बक्षीस नव्हतं. नियमांनी थकवलेलं देणं होतं, आणि ते वेळेवर चुकतं करणं सूत्रधाराचं काम.