दाह आजचा की जुना?

औंढा नागनाथच्या गाभाऱ्यात उतरायची वाट अरुंद आणि ठेंगणी आहे. कंबरेत वाकल्याशिवाय खाली जाता येत नाही. तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याला तेच जमेनासं झालं होतं. पहाटे कंबर धरायची, तासभर वावरात हिंडलं की सुटायची, पडून राहिलं की पुन्हा आखडायची. श्रमाचं दुखणं विसाव्यानं शमतं. याचं विसाव्यानंच वाढत होतं.

त्याच्यासोबत नांदेडच्या स्कॅन सेंटरवर गेलो. पिशवीत कंबरेच्या एमआरआयची जुनी फिल्म होती. ‘गॅप’ आणि दबलेली नस शोधण्यासाठी काढलेली. संधिवाततज्ज्ञांनी या वेळी चिठ्ठीवर वेगळी जागा लिहिली होती: दोन्ही एसआय सांधे, म्हणजे कणा ओटीपोटाच्या हाडांना जिथं जोडला जातो ती जागा. कण्याचा दाहक संधिवात बहुधा तिथूनच सुरू होतो, आणि तज्ज्ञांना त्याचीच शंका होती.

“दादा, मोबाईल, किल्ल्या, करदोडा, सगळं काढून ठेवा. आत हालायचं नाही.” तंत्रज्ञानं आधी बाजूनं चित्र घेतलं आणि त्रिकास्थीच्या उताराला समांतर तिरक्या स्लाइस आखल्या. मग यंत्राची ठकठक सुरू झाली.

पडद्यावर दोन तऱ्हेची चित्रं आली. टी-१ मध्ये चरबी उजळ दिसते. झिजलेली कड, जुन्या दाहानंतर हाडात साचलेली चरबी, असा मागचा इतिहास तिथं वाचता येतो. स्टर चित्रात चरबीची चमक दाबली जाते आणि पाणी उजळतं. दाह चालू असलेल्या हाडाच्या मगजात पाणी वाढलेलं असतं. या तरुणाच्या दोन्ही सांध्यांच्या कडेला पांढरे डाग होते, आणि ते लागोपाठच्या स्लाइसमध्येही टिकले. असा डाग एकाच स्लाइसमध्ये एकाच जागी दिसला, तर २००९च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार तेवढ्यावर दाह ठरवत नाहीत.

डागांची मोजदादही होते. स्पार्क पद्धतीत सहा स्लाइस घेऊन प्रत्येक सांध्याचे चार भाग पाडतात. डाग किती, किती तेजस्वी, किती खोल, यावर ७२ पैकी गुण देतात. औषधानंतरच्या स्कॅनमध्ये ते उतरले की दाह निवतो आहे हे कळतं. एक्स-रेला हे सांगता येत नाही. त्यात हाडाची हानी दिसते, तीही बरीच वर्षं उलटल्यावर.

तरी रेडिओलॉजिस्टनं अहवालाआधी रुग्णाला वय, पहाटेचा ताठरपणा, घरात कुणाला असा त्रास आहे का, हे विचारलं. एचएलए-बी२७ आणि सीआरपी या रक्ततपासण्या पाहिल्या. बाळंतपणानंतर किंवा जड कष्टांनीही असे डाग उमटतात. उलट स्वच्छ चित्रानंही आजार नाही असं सिद्ध होत नाही.

दाह चालू असताना कळला, तर दाहशामक गोळ्या, रोजचा व्यायाम आणि गरज पडल्यास बायोलॉजिक औषधं यांनी कंबर हलती ठेवता येते. सांधून गेलेले मणके मात्र पुन्हा सुटे होत नाहीत. म्हणून पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली पाठदुखी तीन महिन्यांवर टिकली आणि विश्रांतीनं वाढत असली, तर स्कॅनचा खर्च करण्याआधी डॉक्टरांना विचारावं: एसआय सांधे पाहणार आहात ना?