चेंडू उचलावा लागत नाही

गोल्फमधल्या सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे क्लबचं पातं उभ्या रेषेपासून जितकं मागे कललेलं असतं तो कोन, हल्ली साधारण ३० ते ३४ अंश असतो. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचे खेळाडू याच आयर्नने फटका मारतात, तेव्हा चेंडू मात्र जमिनीशी सरासरी १६ अंशांचाच कोन करून सुटतो. मधले अंश गेले कुठे?

फटका बसताना कसलेल्या खेळाडूचे हात चेंडूच्या किंचित पुढे गेलेले असतात. त्यामुळे दांडा लक्ष्याकडे झुकतो आणि पातं अधिक उभं होतं. क्लब आणि चेंडू एकमेकांना भिडतात ते सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरते. तेवढ्या वेळात पात्याचा जो कल असेल, तो ‘डायनॅमिक लॉफ्ट’. चेंडूची गाठ पडते ती याच कोनाशी.

शिवाय आयर्न चेंडूवर येतं ते वरून खाली, सुमारे ४ अंशांनी उतरत. चेंडू मुख्यतः पात्याच्या रोखाने सुटत असला, तरी क्लबचा मार्ग त्याला थोडा खाली ओढतो. पात्याचा रोख आणि क्लबचा मार्ग यांच्यातलं अंतर म्हणजे ‘स्पिन लॉफ्ट’. ते वाढलं की चेंडू जास्त फिरतो आणि त्याचा वेग घटतो. टूरवर सात नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू मिनिटाला सुमारे ७,००० फेरे घेत, हवेतून दीडशे मीटरच्या पुढे जातो.

हे उलटं फिरणं, म्हणजेच बॅकस्पिन, वाया जात नाही. एडिंबरा विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात त्याचा छडा लावला. चेंडूला फीत बांधून त्यांनी तो जवळच्या ओल्या मातीत मारायला लावला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. उलटा फिरणारा चेंडू हवेला खाली लोटतो आणि त्या बदल्यात हवा त्याला वर धरते. 

नवशिका खेळाडू चेंडू वर जावा म्हणून मनगटं वळवून तो उचलायला बघतो. हात मागे राहतात, क्लबचं डोकं पुढे निघतं आणि लॉफ्ट वाढतो. मग सात नंबरचं आयर्न नऊ नंबरसारखं वागतं: चेंडू उंच जातो, पण अलीकडेच पडतो. समोरून वारा असेल तर आणखीच अलीकडे. क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत रुतण्याचा धोकाही असतोच. उलट, लॉफ्ट फारच कमी केला तर चेंडू बुटका जातो आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, न थांबता पुढे घरंगळतो.

चूक ओळखायला फटका मोजणारं महागडं रडार लागत नाही. फटक्यानंतर गवतावरचा डिव्हट, म्हणजे क्लबने उखडलेला खड्डा, पाहा. तो चेंडूच्या जागेपासून पुढे सुरू झाला असेल, तर क्लब योग्य ठिकाणी उतरला. मागे सुरू झाला असेल, तर पुढच्या फटक्याला हात पुढे राहू द्या आणि चेंडू उचलण्याचं काम लॉफ्टवर सोपवा.