वाचन-अक्षमतेचे निदान आणि मराठी लेखनव्यवस्था

शाळेत मागे पडणाऱ्या मुलास मराठीत 'ढ' म्हणतात. ब्राह्मीपासून ज्याचे रूप फारसे पालटले नाही त्या अक्षरावरून हे विशेषण आले, अशी उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, या एका अक्षराने दोन भिन्न प्रकारची मुले एकाच पंक्तीत बसविली आहेत, हे मात्र खरे : ज्याची सर्वसाधारण आकलनशक्तीच मंद आहे असे मूल, आणि बुद्धी, दृष्टी व श्रवण शाबूत असूनही ज्यास केवळ लिखित भाषा साधत नाही असे मूल. या दुसऱ्या मुलास साहाय्य कोणत्या मार्गाने मिळते आणि मराठी माध्यमात त्या मार्गात भाषेची अडचण कोणती उभी राहते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

पूर्वपीठिका

जर्मन वैद्य आडोल्फ कुस्माउल यांनी १८७७ मध्ये 'शब्दांधत्व' या संज्ञेने या अवस्थेचा निर्देश केला. 'डिस्लेक्सिया' हा शब्द रूडोल्फ बेर्लिन यांचा. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन यांनी इंग्लंडातील एका १४ वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो मुलगा हुशार होता, परंतु वाचन त्यास येत नव्हते. मेंदूस इजा न होताही ही अवस्था उपजत असू शकते, हा विचार तेथून दृढ झाला.

भारतात १९९५ च्या अपंगत्वविषयक अधिनियमात या अवस्थेस स्थान नव्हते. महाराष्ट्र शासनाने मात्र १९९६ मध्येच अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देऊ केल्या. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ प्रकारांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' समाविष्ट झाली. या अधिनियमाची व्याख्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. मौखिक वा लिखित भाषेच्या प्रक्रियेतील उणीव हेच त्या व्याख्येचे मर्म होय. म्हणजे हा प्रश्न जितका वैद्यकाचा व शिक्षणशास्त्राचा, तितकाच भाषाविज्ञानाचाही आहे.

साहाय्याचे दोन मार्ग

पालकांच्या व पुष्कळदा शिक्षकांच्याही मनात साहाय्य म्हणजे प्रमाणपत्र असे समीकरण असते. ते अपुरे आहे. परीक्षेतील वाढीव वेळ, लेखनिक इत्यादी सवलतींसाठी प्रमाणपत्र आवश्यक असते. त्यासाठी प्रथम दृष्टी व श्रवण तपासतात, नंतर बुद्धिमापन करतात आणि शेवटी वाचन, लेखन व गणन यांच्या चाचण्या घेतात. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी किमान वय ८ वर्षे ठरविले आणि १४ व १८ व्या वर्षी फेरतपासणी सांगितली.

शिकविण्याच्या साहाय्यास मात्र ही वयोमर्यादा लागू नाही. अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावी व योग्य अध्यापनोपाय योजावेत, असे कर्तव्य २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १६ ने शिक्षणसंस्थांवर सोपविले आहे. प्रमाणपत्राची वाट पाहत पहिली-दुसरीची वर्षे दवडणे म्हणजे उपायाचा सर्वांत अनुकूल काळ गमावणे होय.

निदानातील भाषिक प्रश्न

लवकर ओळखावे हे खरे. परंतु कशावरून ओळखावे? इंग्रजी वाचनावरून बेतलेल्या कसोट्या देवनागरीस जशाच्या तशा लावता येत नाहीत. इंग्रजी वर्ण सुटे असतात व त्यांची संख्या अल्प असते. देवनागरीत वाचनाचे एकक अक्षर हे आहे, आणि मात्रा व जोडाक्षरे धरता अक्षरांची संख्या शेकड्यांत जाते. 'कि' मध्ये वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार नंतर होतो. एकच रकार 'चक्र', 'राष्ट्र', 'तर्क' व 'दऱ्या' या शब्दांत चार रूपे घेतो. 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' यांतील अर्थभेद त्या रूपावरच अवलंबून आहे. 'चार' व 'चारा' यांतील चकार लेखनात एक, उच्चारात दोन. 'गरीब' मधील दीर्घ ईकार 'गरिबाला' मध्ये ऱ्हस्व होतो, तो १९६२ च्या लेखननियमांनुसार. कानाला हा भेद बहुधा जाणवत नाही.

सोनाली नाग यांनी कन्नड भाषिक मुलांविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसते की, अक्षरज्ञान पुरे होण्यास तेथे इंग्रजी वर्णमालेपेक्षा कितीतरी अधिक वर्षे लागतात. मराठीची लेखनव्यवस्था त्याच कुळातील आहे. म्हणून दुसरीतील मूल जोडाक्षरांपाशी अडखळते एवढ्यावरून अक्षमतेचा निष्कर्ष काढणे सदोष होईल. उलट, पाचवीतील मूल साध्या मात्रांतच चुकत असेल तर 'मराठी सोपी आहे, येईल आपोआप' अशी समजूत करून घेणे तितकेच घातक होय.

बोलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. 'पाणी' या शब्दाचे 'पानी' असे वाचन करणारे वऱ्हाडातील मूल आपल्या बोलीप्रमाणे बिनचूक वाचत असते. गोंडी वा कोरकू ही ज्याची घरची भाषा, त्याला मराठी पाठ्यपुस्तक ही परभाषाच होय. भाषाभेद हा दोष नव्हे. परंतु भेद म्हणजे दोष नव्हे असे म्हणत खऱ्या अक्षमतेकडे काणाडोळा झाला, तर त्याच मुलांवर दुसरा अन्याय घडतो. दोहोंतील सीमा आखण्याचा एक उपाय असा : मूल आपल्या बोलीत गोष्ट कशी सांगते, यमक जुळविते काय, शब्दाचे तुकडे पाडते काय, हे आधी पाहावे. बोलीत हे सहज साधत असेल, तर अडचण बहुधा परक्या भाषेची असते. बोलीतही ध्वनी सुटे करता येत नसतील, तर बारकाईने तपासणी करणे अगत्याचे ठरते.

अभ्यासकांचे कार्य

मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेला 'डाली' हा चाचणीसंच २०१५ मध्ये उपलब्ध झाला. हिंदी, कन्नड व इंग्रजी यांबरोबर मराठीचाही त्यात समावेश आहे. ही आरंभीची मोलाची पायरी होय. परंतु चाचणीमागे इयत्तावार शब्दांची वारंवारता, मुलांच्या चुकांचे वर्गीकरण आणि बोलीनिहाय उच्चारभेदांची नोंद असावी लागते. ही सामग्री गोळा करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. शाळेतील वह्या, ध्वनिमुद्रण आणि चुकीकडे पुरावा म्हणून पाहण्याची शिस्त एवढे पुरते. ज्या वहीवर आज तांबड्या शाईने केवळ फुल्या पडतात, तीच वही नीट वाचली गेली तर ते मूल कोठे अडले आहे आणि त्याला काय शिकवावे, हे त्यातून कळू शकेल.