मालवणातून पलटण कशी परत गेली

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही शाळकरी पोराला पन्हाळ्याचा वेढा विचारा, तो सिद्दी जौहरपासून बाजीप्रभूंपर्यंत घडाघडा सांगेल. १६६० च्या त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन आपलं निशाण फडकावत तोफगोळे डागायला आला होता, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर चालून जाऊन त्याला साथीदारांसह कैद केलं. त्या स्वारीच्या भरपाईसाठी इंग्रजांचे वकील कित्येक वर्षं खेटे घालत राहिले. तो विषय पार १६७४ मध्ये रायगडावर, राज्याभिषेकाच्या वेळी ऑक्झिंडेनच्या वकिलातीपर्यंत पोचला.

पण कोल्हापूरच्या गादीवर खरा प्रसंग गुदरला तो शतकभराने, आणि त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. १७६० मध्ये कोल्हापूरचे संभाजीराजे वारले. त्यांच्या राणी जिजाबाईंनी खानवटकर भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला, त्याचं नाव शिवाजी ठेवलं आणि कारभार स्वतः हाती घेतला. कोल्हापूरच्या ताब्यातल्या मालवणची गलबतं आपल्या व्यापाराला जाच करतात, ही मुंबईच्या इंग्रजांची जुनी तक्रार. १७६५ च्या जानेवारीत मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन आरमार घेऊन आले, सैन्य उतरवलं आणि मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला घेतला. किल्ल्याचं नावही बदलून फोर्ट ऑगस्टस केलं!

घेतला खरा, पण पेलवेना. कुरटे बेटाच्या खडकांवरून नागमोडी गेलेला तो तट, जवळ जाईपर्यंत न दिसणारा दरवाजा, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. असा किल्ला राखायचा तर शिबंदीचा खर्च भारी, आणि पाडायचा तर ते काम त्याहून जड. इंग्रजांची ही अडचण हाच कोल्हापूरकरांचा आधार होता. १७६६ मध्ये तह झाला. कोल्हापूरने लाखो रुपये कबूल केले, व्यापाराला उपद्रव न देण्याची हमी दिली आणि किल्ला परत मिळवला. रक्कम जबर होती, मान्य. पण दत्तक मूल मांडीवर आणि पेशव्यांशी जुनं वैर, अशा काळात त्या बाईंनी परकी पलटण किनाऱ्यावरून परत पाठवली. मला हे एखाद्या जिंकलेल्या लढाईइतकंच मोलाचं वाटतं.

पैशाने सुटलेली जागा कायमची सुटत नाही, हेही पुढे दिसलं. १७९२ च्या तहात इंग्रजांनी आपल्या व्यापाऱ्यांची नुकसानभरपाई तर मागितलीच, शिवाय मालवण आणि खुद्द कोल्हापुरात वखारी घालायची परवानगी मिळवली. मग १८१२ साल उजाडलं. चिकोडी-मनोळीच्या मुलखावरून पेशव्यांशी तंटा पेटलेला होता. इंग्रजांनी संरक्षणाची हमी दिली आणि मालवण बंदर सिंधुदुर्गासह मागून घेतलं. कोल्हापूरच्या बंदरांतून लढाऊ गलबतं सोडायची नाहीत, हेही लिहून घेतलं. त्या वेळी गादीवर जिजाबाईंनी दत्तक घेतलेले शिवाजी महाराजच होते.